फक्कीची रेघ

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं म्हणतात ते खोटं नाही. फक्कीमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं होतं, आणि ते घरी आणेपर्यंतच बंद पडलं होतं. आता मास्तरच बंद पडल्यावर मात्र शाळेला त्यांचे गुण आठवले. मैदानाच्या कडेला कापडी छत लावलं, खुर्च्या मांडल्या, आणि मैदानाच्या लांबलचक भिंतीवर पेंटरकडून त्यांचं एक वाक्य निळ्या रंगात लिहून घेतलं. त्यावर सध्या चादरी टांगल्या होत्या. मास्तरांच्या मुलीने, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, तिने आधी वडिलांबद्दल दोन शब्द बोलायचे आणि मग दोरी ओढून चादरी पाडायच्या, असं मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं होतं.

चादरीखाली काय आहे ते शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक होतं. ‘पडलेल्याकडे धावायचं नाही. बघून पाऊल टाकायचं.’ मास्तर हे वाक्य इतक्यांदा म्हणत की पोरं त्यांची नक्कल करताना तेच म्हणत.

धाकटी पहिल्या रांगेत बसली होती. डाव्या बाजूला तिचा थोरला भाऊ, नव्या कडक शर्टात. येताना वाटेत त्याने तिला बजावलं होतं की बाबांबद्दल चांगलं बोल, आणि आईचा विषय काढू नकोस. उजव्या बाजूला जोडीदारकाका, लाकडी पाय पुढे ताणून. धाकटीचं बाबांवर जितकं प्रेम होतं तितकं जगात कुणाचंच नव्हतं, आणि भिंतीवरच्या त्या वाक्याइतका राग तिला जगात कशाचाच नव्हता. आता पाचएकशे पोरांसमोर उभं राहून यातलं एक सांगायचं होतं. कुठलं, ते तिचं अजून ठरत नव्हतं.

मास्तर मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेले होते. घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि फौजेत दोन वेळचं जेवण आणि बूट मिळतात एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. बूट मिळाले. पण ते घालून चालायचं कसं, ते शिकण्यात तारुण्य गेलं. त्यांना सुरुंग काढणाऱ्या तुकडीत घातलं होतं. शत्रूने जमिनीत पेरून ठेवलेले सुरुंग शोधायचे आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करायची. पोटावर पडायचं, हातातली सळई जमिनीत तिरपी खुपसायची. उभी खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावर बसते, आणि मग खुपसणाऱ्याचं डोकं शोधावं लागतं. काही लागलं नाही की वीतभर पुढे सरकायचं. तपासलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी अंथरायची. पट्टीच्या आत जगणं, पट्टीच्या बाहेर देवाची मर्जी. या कामाला हुशार माणूस लागत नाही, घाई नसलेला माणूस लागतो, असं ते सांगत.

त्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे ते वाक्य. पहिला सुरुंग एकाला पाडतो, आणि त्याच्या आसपास दुसरे पेरलेले असतात ते धावून येणाऱ्यांसाठी. शत्रू काही मूर्ख नसतो. माणसाला माणसाची दया येते हे त्याला ठाऊक असतं, आणि तो ती दयाच जमिनीत पुरून ठेवतो.

जोडीदारकाका हे मास्तरांचे त्या कामातले जोडीदार. एका दुपारी त्यांचा पाय सुरुंगावर पडला. मास्तर हाकेच्या अंतरावर होते. ते धावले नाहीत. पोटावर झोपले आणि सळई खुपसत, वीत वीत सरकत निघाले. काका ओरडत होते, हाका मारत होते, मग शिव्या देऊ लागले, मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, आणि मास्तर मान वर न करता जमीन तपासत होते. उन्हं कलल्यावर ते पोचले. पाय मांडीपासून गेला, माणूस वाचला. पुढे काकांनी दूरच्या गावात चपलांचं दुकान काढलं, आणि एका पायाच्या माणसाने जोड विकावेत यावर दुसरं कुणी हसायच्या आत स्वतःच हसून घेण्याची सवय लावून घेतली. दरवर्षी ते मास्तरांकडे मुक्कामाला येत. लाकडी पाय काढून कोपऱ्यात छत्रीसारखा उभा करत आणि पोरांना सांगत, “हा गडी त्या दिवशी धावला असता ना, तर आज आम्ही दोघंही भिंतीवर टांगलेले असतो.” आई हसे. मास्तर फक्त मान हलवत. थोरला आणि धाकटी डोळे विस्फारून त्या पायाकडे बघत बसत, आणि नियमाचा याहून मोठा पुरावा त्यांना कुणी मागितला नाही.

फौजेतून मास्तर दहाच्या दहा बोटं घेऊन परत आले आणि शाळेत मैदानाच्या कामावर लागले. मैदान झाडायचं, पाणी मारायचं, आणि फक्कीने रेघा मारायच्या. पांढरी फक्की ते आधी चाळून घेत. खुंट्या ठोकून सुतळी ताणत, आणि बुडाला भोकं पाडलेला डबा हलक्या हाताने हलवत सुतळीशेजारून मागे मागे सरकत. त्यांची रेघ बघून गणिताचे मास्तर फळ्यावरची स्वतःची रेघ पुसून टाकत, असं पोरं म्हणत. म्हणून ते फक्कीमास्तर. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या धावण्यासाठी रेघा आखल्या, आणि त्यांना स्वतःला धावताना कुणी पाहिलं नाही.

घरीही तोच कायदा. धाकटी लहानपणी सायकलवरून पडली, हनुवटी फुटली, रक्ताची धार लागली. मास्तर दारातून उठले, पायाखाली बघत, एकेक पाऊल टाकत आले. शेजारीपाजारी म्हणाले, हा बाप आहे की दगड. धाकटीला मात्र त्यांच्या त्या येण्यात कसलीच भीती उरत नसे. बाबा निघाले म्हणजे पोचणार, आणि मधे जे काही असेल ते तपासून येणार. ती रडणं थांबवून त्यांची पावलं बघत बसे. ते पोचले की उकिडवे बसत, हनुवटीला अंगठा लावत आणि म्हणत, “आता सगळं मोकळं आहे. ऊठ.” त्या एका वाक्यासाठी ती आणखी दहादा पडायला तयार होती. थोरला गच्चीच्या जिन्यावरून पडला होता तेव्हा त्यालाही असंच थांबावं लागलं. त्याने ते बापाला कधीच माफ केलं नाही. एकाच झाडाची दोन फळं, एक गोड निघतं आणि एक तुरट.

गावात मास्तरांचं नाव झालं ते वीज पडल्यावर. म्हणजे आभाळातली नव्हे, खांबावरची. सोसाट्याच्या वाऱ्याने तार तुटून मैदानात पडली आणि एक मुलगी आडवी झाली. तीन शिक्षक धावत सुटले. मास्तरांनी फौजेतल्या आवाजात “थांब! जागेवर!” म्हणून असा हुकूम सोडला की तिघंही दगडासारखे उभे राहिले. मग ते सावकाश गेले, कोरडा बांबू आणला, तार बाजूला केली. मुलगी वाचली, शिक्षक वाचले, आणि ते वाक्य शाळेचं झालं. ती मुलगी आता याच शाळेत चित्रकला शिकवत होती, आणि चादरीखालच्या अक्षरांना कोपऱ्यातली वेलबुट्टी तिनेच काढली होती.

मग म्हातारपण आलं. बाकीच्यांची डोकी म्हातारपणी फिरतात, मास्तरांचं मागे फिरलं. सकाळी उठून ते दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि अंगणात सुरुंग पेरलेत म्हणून कुणाला बाहेर सोडेनात. दूधवाला फाटकाबाहेर ताटकळला. आईने समजावलं, थोरल्याने फोनवरून ओरडून समजावलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की मास्तर घाबरून थरथरत, पांघरुणात तोंड खुपसून रडत. धाकटीला ते बघवेना. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, ते काम तिने सोडलं. माळ्यावरून फक्कीचं जुनं पोतं काढलं, डबा काढला, आणि अंगणात दोन समांतर रेघा मारायला घेतल्या.

मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते खुंट्या घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारापासून धुण्याच्या हौदापर्यंत धाकटीने सरळ वाट आखली होती, ती त्यांनी पायाने पुसली. सरळ वाट शत्रू आधी पेरतो, ते म्हणाले. मग वाट कुंपणाच्या कडेने गेली, लिंबाच्या झाडाला वळसा घालून, पाण्याच्या टाकीमागून हौदाशी पोचली. त्या वाटेवरून मास्तर निर्धास्त चालले. त्या दिवसापासून घरातली सगळी माणसं तशीच चालू लागली. वाऱ्याने फक्की उडे, धाकटी रोज सकाळी नवी मारी. आई म्हणायची, “तरुणपणी कधी फिरायला नेलं नाही, आता घरच्या घरी फिरवतायत.” म्हणायची आणि बादली घेऊन लिंबाला वळसा घालायची.

थोरला बायकोला घेऊन आला तेव्हा त्याने हा तमाशा पाहिला. त्याला वेळ नव्हता, तो कधीच नसे. तो रेघ ओलांडून सरळ निघाला. मास्तरांनी त्याच्यावर झडप घातली आणि त्याला तोंडावर पाडून वर झोपले, स्वतःचं अंग ढालीसारखं पसरून. थोरल्याचा पुढचा दात गेला. रुमालात रक्त टिपत तो म्हणाला की आज रेघ आहे, उद्या दोरखंड लागेल, शहरात चांगल्या संस्था आहेत, तिथे ठेवू. धाकटीने त्याला ठणकावून सांगितलं की रेघ आहे तोवर बाबा घरात आहेत, आणि रेघ मी मारते. थोरला गेला. दात बसवून घेतला. आणि अंगण रेघेवरून चालत राहिलं.

ती सकाळ काही वेगळी नव्हती. मास्तर उंबऱ्यावर बसले होते, आई हौदावर कपडे धूत होती, धाकटी आत भांडी घासत होती. बाहेर बादली पडल्याचा आवाज आला. धाकटी दारात आली. आई हौदाच्या कठड्यावर पोटातून वाकलेली, डोकं आणि हात पाण्यात, पाय बाहेर. चक्कर येऊन गेली असणार. समोर हौद, मधे चार ढांगांचं मोकळं अंगण. धाकटीने पाय उचलला.

“थांब! जागेवर!”

तोच आवाज. तीन शिक्षकांना दगड करणारा. धाकटी तर त्या आवाजाच्या मांडीवर वाढलेली. ती थांबली. आणि थांबल्यावर जेव्हा निघाली, तेव्हा ती रेघेवरून निघाली. कुंपणाच्या कडेने, लिंबाला वळसा घालून, टाकीमागून. धावलीही नाही, पायाखाली बघत भराभर चालली. तिला कुणी धरलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं. डोक्याला सगळं समजत होतं, आई बुडते आहे हेही समजत होतं. पण पाय ही गाढवाची जात, रोजच्या वाटेनेच जातात. वाटेत एकदा तिने अंगणाकडे पाहिलं. बाबा पोटावर झोपले होते आणि आईची स्वेटर विणायची सुई जमिनीत तिरपी खुपसत, वीत वीत सरकत आईकडे निघाले होते.

शेजारी एक नर्स राहत असे. तिने खिडकीतून पाहिलं आणि ती कुंपणावरून उडी मारून मोकळ्या अंगणातून तिरपी धावत आली. मास्तर तिच्यावर ओरडत होते. तिच्या पायाखाली काही फुटलं नाही. ती आणि धाकटी जवळजवळ एकदमच हौदाशी पोचल्या. आईला बाहेर ओढलं, नर्सने छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, परत छाती दाबली. आईच्या नाकातून पाणी आलं, आई आली नाही. डॉक्टर वरातीमागून घोडं यावं तसे आले आणि त्यांनी सहज विचारलं की तुम्ही घरातच होतात ना. धाकटी हो म्हणाली.

तोवर मास्तरही पोचले होते. कोपरं सोलवटलेली, सदरा मातीने माखलेला. त्यांनी सुई बाजूला ठेवली, उकिडवे बसले, बायकोच्या हनुवटीला अंगठा लावला आणि म्हणाले, “आता सगळं मोकळं आहे. ऊठ.”

ती उठली नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पुढचे दिवस ते इतके खुशीत होते की भेटायला येणाऱ्या बायका पदराआड एकमेकींकडे बघत. रोज सकाळी ते विचारत, सगळे परत आले ना. धाकटी म्हणे, आले बाबा. आणि डबा घेऊन रेघ मारायला जाई, कारण रेघ नसेल तर बाबा घरात नसतील.

जोडीदारकाका उशिराने आले. दुकानात गडी नव्हता, गाडी मिळाली नाही, आणि एका पायाने माणूस दुःखालाही उशिराच पोचतो. दुपारी मास्तर आत झोपले होते. काका आणि धाकटी मागच्या पायरीवर बसले. धाकटीने तोपर्यंत कुणालाच काही सांगितलं नव्हतं, ते तिने काकांना सांगितलं, लिंबापासून टाकीपर्यंत सगळं. आणि मग बुडत्याने काडी धरावी तसं म्हणाली की बाबांचा नियम आईच्या वेळी चुकला असेल, पण तुमच्या वेळी बरोबर होता, निदान तुम्ही तरी आहात.

काका बराच वेळ लाकडी पायाचा पट्टा सोडत आणि बांधत राहिले. 

“तिथे दुसरा सुरुंग नव्हता,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी मागून आलेल्या तुकडीने सगळा पट्टा तपासला. एकही नाही. सर्जन म्हणाला, लवकर आणला असता तर गुडघ्याखालचंच कापलं असतं.”

“बाबांना माहीत आहे?”

“नाही. मी सगळ्यांना शपथ घातली होती. पोरी, असता तर? हा प्रश्न आहेच ना. त्याला काय माहीत, आहे की नाही. पण तो आला होता. माझ्या शिव्या खात, पोटावर सरपटत आला होता. दुसरा कुणी आला नव्हता. त्याला सांगू नकोस. मी आयुष्यभर सांगितलं नाही.”

खरं बोलावं असं लहानपणी शिकवतात, ते केव्हा गिळावं हे कुणी शिकवत नाही. काका दुसऱ्या दिवशी गेले.

त्याच्या पुढच्या सकाळी धाकटीने डबा भरला आणि अंगणात गेली. रात्री वारा सुटला होता, रेघ पार उडाली होती. मास्तर उंबऱ्यावर वाट बघत बसले होते, आंघोळ करून, केस चापून. ती डब्याकडे बघत उभी राहिली. मग तिने डबा उलटा केला, सगळी फक्की एका जागी ओतली, आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

मास्तर किंचाळले. ती थांबली नाही. तिने पाय आपटला. दोन पावलं सरकून परत आपटला. बाप उंबऱ्यावर कान झाकून ओरडत होता आणि ती अख्खं अंगण तुडवत होती, कोपरा न् कोपरा, हौदापर्यंत सरळ आणि हौदापासून सरळ. “इथे काही नाही बाबा. बघा, इथेही नाही. इथेही नाही.” त्यांचं धोतर ओलं झालं तेही तिने पाहिलं. ते म्हणत होते, पोरी नको, पोरी परत ये, आणि त्यांच्या तोंडून तिने आयुष्यात ऐकलेली ती पहिली विनवणी होती. तरी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तिथेही काही नव्हतं. काकांच्या इथे. दुसरा सुरुंग नव्हताच. त्यांचा पाय तुम्ही घालवलात.”

मास्तरांचे कान झाकलेले हात खाली आले. त्यांनी ऐकलं का, ऐकलं तर कळलं का, हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण त्यानंतर ते कुणाशी धड बोललेच नाहीत. ते उठले, भिंत धरून आत गेले, पलंगावर बसले आणि पाय वर घेतले. ते पाय त्यांनी परत जमिनीला लावले नाहीत. ना अंगणात, ना घरात. संध्याकाळी धाकटीने रेघ मारली, पलंगापासून दारापर्यंत, आतल्या फरशीवर. त्यांनी रेघेकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग थोरला आला आणि घेऊन गेला. धाकटीने अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

संस्था स्वच्छ होती. भिंती पिस्ता रंगाच्या, फरशी इतकी लखलखीत की तोंड दिसावं. तिथल्या माणसांनी मास्तरांना चालवायचा प्रयत्न केला, दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं, तर ते पाय पोटाशी घेऊन लोंबकळले, मांजरीने उचललेल्या पिल्लासारखे. मग पलंगालाच कठडे लावले. धाकटी दर आठवड्याला जाई. एकदा ती पिशवीतून फक्की घेऊन गेली आणि पलंगाशेजारी हातभर रेघ मारली. मोलकरणीने तिच्यादेखत ओला पोछा फिरवला, आणि मेट्रनबाईंनी संसर्गावर एक छोटं व्याख्यान दिलं. मास्तर छताकडे बघत होते. धाकटीने त्यांना सांगितलं की बाबा, मी खोटं बोलले, तिथे सुरुंग होता, खूप होते. तिने ते तीन-चारदा सांगितलं, कानाशी वाकून. शेवटच्या महिन्यात त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. ते गेले तेव्हा त्यांचे तळवे तान्ह्या मुलासारखे मऊ झाले होते. चालून चालून ज्यांना भेगा पडल्या होत्या, ते तळवे.

माइकवर मुख्याध्यापिकाबाईंनी विजेच्या तारेची गोष्ट रंगवून सांगितली. चित्रकलेच्या बाईंनी डोळे पुसले. शिस्त, संयम, देशसेवा हे शब्द ठरल्याप्रमाणे येऊन गेले. मग मुख्याध्यापिकाबाईंनी धाकटीला बोलावलं आणि चादरींची लांब दोरी तिच्या हातात दिली.

माइक मैदानाच्या मधे होता. पुढच्या आठवड्यात शर्यती होत्या म्हणून मैदानावर नव्या रेघा मारलेल्या होत्या, नव्या माणसाने, जरा वाकड्या. धाकटी माइकसमोर उभी राहिली. एका बाजूला पोरं मांडी घालून, त्यांच्यामागे शिक्षक. पहिल्या रांगेत थोरला तिच्याकडे रोखून बघत होता. काका कौतुकाने बघत होते. बाबांना तिने ते गुपित सांगून टाकलं होतं हे काकांना ठाऊक नव्हतं, आणि ती त्यांना कधीच सांगणार नव्हती.

“बाबा सावकाश यायचे,” ती म्हणाली. “पण यायचेच. मी लहानपणी मुद्दाम पडायचे.”

पोरं हसली. थोरल्याचे खांदे सैल झाले. इथेच थांबायला हवं होतं. चांगलं वाक्य होतं, टाळ्या पडल्या असत्या.

“माझी आई पडली तेव्हा मी बाबांनी शिकवलं तशी गेले. बघून, पाऊल टाकत. मी पोचेपर्यंत ती मेली होती.” तिने श्वास घेतला. “कुणी पडलं तर धावा.”

 एक पोरगं खोकलं. थोरल्याने तोंडावर हात ठेवला. काकांनी मान खाली घातली आणि लाकडी पायाचा पट्टा चाचपू लागले. मुख्याध्यापिकाबाई लगबगीने माइकशी आल्या. ताईंच्या भावना आपण समजू शकतो, त्या म्हणाल्या, धावायचं म्हणजे अर्थातच नीट बघून धावायचं, हेच त्यांना सांगायचं आहे. आणि धाकटीच्या हातून दोरी घेऊन त्यांनी स्वतःच ओढली. चादरी पडल्या. निळी अक्षरं उन्हात चमकली, कोपऱ्यातली वेलबुट्टी फारच सुरेख होती, आणि पाचशे पोरांनी सवयीने एका सुरात ते वाक्य वाचलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

धाकटी परत यायला निघाली. थोरला अर्धवट उठला होता, चेहरा लालबुंद, लवकर येऊन बस म्हणून हाताने खुणावत होता. समोर मोकळं मैदान होतं, खुर्चीपर्यंत वीसेक पावलं.

“अगं सरळ ये ना इकडून,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

तिने हो म्हणून मान हलवली. आणि खाली बघत, एकेक पाऊल टाकत, पांढऱ्या रेघेच्या कडेकडेने लांबचा वळसा घालून येऊ लागली.